एकच पर्याय निवडा

दुपारी दोन ते चार कुकर लावायचा नाही, पंखा बंद,
उदगीरच्या चौबाऱ्यामागल्या माझ्या दोन खोल्यांत
मी कपाटात तोंड घालून वाक्यं वाचते.
साड्यांमध्ये आवाज घुमत नाही,
हे रेवणनं पुण्याहून सांगितलं.
वाक्याला सव्वा रुपया.

'बाल्कनीतले दिवे मंद कर.'
'विमानतळाला जायला किती वेळ लागेल?'
'माझी सकाळची बैठक पुढे ढकल.'
मी कुणाची बैठक ढकलणार? पण ढकलते,
दिवसातून साठदा ढकलते,
आणि पडद्यावर लाल पट्टी येते:
उच्चार अस्पष्ट. पुन्हा प्रयत्न करा.

'पानी' म्हटलं की लाल.
रेवण म्हणतो, आई, जीभ वर ने. ण म्हण, ण.
ज्याला पानी पाजून वाढवला
तो मला पाणी शिकवतो.
राग नाही आला.
हिरवी पट्टी दिसली की मलाही बरं वाटतं,
तेच जरा खुपतं.

होळीनंतर कंपनीचा निरोप आला, आता बोली पाहिजे.
मनमोकळं बोला. दोघी असाव्यात.
पैसे मिनिटावर.

भिंतीपलीकडच्या मुनव्वरबीला हाक मारली.
ती ब्लाउजची बाही तशीच सुईखाली सोडून आली.
फोन मधोमध, तांब्याला टेकवून.
वीस वर्षं न थांबता बोललेल्या आम्ही
नव्या नवरीसारख्या गप्प.
मग ती म्हणाली, "आप कैसी हैं?"
मी म्हणाले, "मी ठीक आहे. आपण?"
आणि दोघींनी एकमेकींकडं पाहिलं,
ह्या कोण बाया?

तेवढ्यात गल्लीत बसलिंगचा गाडा.
"पुंडीऽ, कवळी पुंडीऽ!"
"कितीला रे जुडी?"
"ईस."
"काल पंधराला दिलतास की!"
"कायकू जी, सोना लगा क्या पुंडीकू?"
"घ्या अक्का, तिसाला दोन. आनि ह्या फोनसंगं काय करलालाव?"
"तुला काय करायचंय, वांगी दाखव."
"ये कीडे के बैंगन नक्को, वो नीचे के निकाल."
"किती टाकू? साकू?"

साकू.
माझी अव्वा भालकीची.
ताटावर हात आडवा धरायची, साकू, साकू,
आणि साकू म्हटलं की
पळीभर वरण अजून पडायचंच.
ती गेल्यावर ह्या घरात तो शब्द कुणी काढला नव्हता.
"साकू रे," मी म्हणाले.
आवाज जरा हलला असावा.
बसलिंगनं दोन वांगी वरून टाकली.

फोन चालूच होता. अकरा मिनिटं.
संध्याकाळी पट्टी हिरवीगार: उत्तम नमुना.
खाली रकाना. भाषा:
मराठी. उर्दू. कन्नड. तेलुगू.
गोल गोल ठिपके, आणि
एकच पर्याय निवडा.

मुनव्वरबी चष्मा पुसत म्हणाली, "नक्को दबा."
नको आमचा. तिच्याकडं गेला तेव्हा एक क घेऊन गेला,
परत आला तो दोन घेऊन.
आता आम्हीही भांडताना तोच वापरतो,
जास्त लागतो.

मला येळवस आठवली.
आंबील शिंपडत रानभर आम्ही जी आरोळी देतो
तिचा अर्थ सासऱ्यांना ठाऊक नव्हता,
त्यांच्या वडलांनाही.
कानडी आहे म्हणतात. असेल.
पण पीक कधी म्हणालं नाही,
उच्चार अस्पष्ट.

मी मराठी दाबलं.
खोटं नव्हतं. थोडं तोकडं होतं,
धुतल्यावर आटलेल्या परकरासारखं.

आता कुठल्या गावात, कुणाच्या भिंतीतून
माझा आवाज दिवे मालवत असेल, कोण जाणे.
तिथं तो ण नीट म्हणत असेल.

दुसऱ्या दिवशी बसलिंग दारात उभा.
"अक्का, माजा आवाज इकलाव म्हनं. माजे किती?"
आम्ही उंबऱ्यावर बसून पुन्हा ऐकलं,
मुनव्वरबीनं खडूनं कापडावर रेघा ओढल्या.
तो चार मिनिटं. ती पाच.
मी जेमतेम दोन.
पैसे वाटून झाले, चिल्लरसुद्धा.

साकूचे कुणाचे, ते मात्र ठरेना.